पाण्याची जात कोणती? आता नालासोपाऱ्यात विचारू

१०८ ग्लास आणि त्यांत वाळून गेलेलं पंचगव्य. पुण्याच्या राज्यश्री गुडी यांच्या २०१७ सालच्या या मांडणीशिल्पाचं नाव इंग्रजीत आहे. मराठीत त्याचा अर्थ, ‘पाण्याची जात कोणती?’

आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, हे गॅलरीवाल्यांचे चोचले. आपल्या माणसाला भीमगीत कळतं, पुतळा कळतो, हे कळत नाही. आम्हाला हे पटत नाही. १०८ हा आकडा कुठून आला तेवढं सांगा, वस्तीतल्या कुठल्याही आजीला हे ग्लास कळतील. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले. नंतर सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरींनी ते तळं ‘शुद्ध’ केलं. बाबासाहेबांच्या ओंजळीची चित्रं आपण घरोघरी लावली. घागरींचं चित्र कुणी लावलं? या कलावंताने आपला पराक्रम नाही, त्यांचा गुन्हा समोर ठेवला, पंचनाम्यातल्या मुद्देमालासारखा. गाईचं शेण चालतं, माणसाचा हात चालत नाही, हे सांगायला मग भाषण लागत नाही.

आक्षेपातली एक गोष्ट मात्र खरी आहे. अशी कामं वस्तीत येत नाहीत. अशोकाचे शिलालेख आणि स्तूप जिथे सापडले त्या सोपाऱ्यातल्या पोरांनीही ती मोबाइलवरच बघायची!

आणि वसई-विरारमध्ये हा प्रश्न फक्त सवर्णांना विचारून भागणार नाही. आपल्या नळाला सूर्या प्रकल्पाचं पाणी येतं. त्या धरणाचं पाणी आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनाचं होतं, ते शहरांकडे वळवल्याविरुद्ध त्यांनी आंदोलनं केली. याच जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याचे पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. आपल्या चाळीतही टँकरच्या रांगा लागतात, नाही असं नाही. पण टंचाईच्या मोर्चात आपण ‘आमच्या हक्काचं पाणी’ म्हणतो, तेव्हा त्या ‘आम्ही’त पाड्यावरची बाई असते का?

मार्च २०२७ ला महाडच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतील. आमचा प्रस्ताव असा: त्या दिवशी नालासोपाऱ्याच्या एखाद्या विहारात १०८ ग्लास मांडू. प्रत्येकात एकेका चाळीचं, सोसायटीचं, पाड्याचं पाणी, आणि ते कुणी किती लांबून आणलं याची चिठ्ठी. पाड्यावरच्या साथींना आधी विचारायचं, मग पत्रिका छापायची. ग्लास स्टीलचे की काचेचे, यावर बैठकीत दोन तास जातीलच.