स्वयंसेवकांची चौकशी

भाद्रपद जवळ आला कीं आमच्या कसबा पेठेंत ढोल-ताशांचा नाद घुमूं लागतो. मानाच्या पहिल्या गणपतीची ही पेठ. येथें पगारी माणसांपेक्षां हौशी माणसेंच अधिक राबतात. शाळांचेंहि तसेंच आहे. कोणी लेझीम शिकवितो, कोणी सहलीबरोबर जातो, कोणी उन्हाळी शिबिरांत मुलांना पोहावयास नेतो. ह्या मंडळींचे उपकार पैशानें फिटणारे नाहींत. तथापि ज्याच्या हातीं आपण मूल सोंपवितों, त्याची चौकशी आपण करितों काय?

२०२४ च्या ऑगस्टमध्यें बदलापूर येथील एका शाळेंत बालवर्गांतील दोन मुलींवर अत्याचार केल्याचा आरोप एका सफाई कामगारावर आला. तो कंत्राटावर त्याच महिन्याच्या आरंभीं कामास लागला होता. २० ऑगस्ट रोजीं संतप्त नागरिकांनीं कित्येक तास लोहमार्ग अडवून धरिला. दुसऱ्याच दिवशीं शासनानें आदेश काढून शाळांना कॅमेरे, तक्रारपेटी व कर्मचाऱ्यांची पोलिसांकरवीं पडताळणी ह्या गोष्टी सांगितल्या. पुढें खटला चालण्यापूर्वींच आरोपी पोलिसांच्या ताब्यांत असतां गोळी लागून मरण पावला.

वस्तुतः पडताळणीची आज्ञा नवी नव्हती. मुलांच्या संरक्षणाचा पोक्सो कायदा २०१२ चा, आणि त्याखालील २०२० च्या नियमांत शाळेंतील प्रत्येक कर्मचाऱ्याची, मग तो कायम असो वा कंत्राटी, वेळोवेळीं चौकशी करावी असें स्पष्ट म्हटलें आहे. परंतु त्या नियमाची भाषा नोकरांची आहे. जो पगारच घेत नाहीं तो नोकर कसा? अशा रीतीनें स्वयंसेवक चाळणींतून सहज निसटतो. इंग्लंडांत २००२ सालीं सोहॅम गांवीं एका शाळेच्या रखवालदारानें दोन मुलींचा जीव घेतला. त्याच्याविरुद्धच्या जुन्या तक्रारी दुसऱ्या परगण्याच्या पोलिसांना ठाऊक होत्या, पण शाळेपर्यंत त्या पोंचल्याच नाहींत. त्यानंतर २००६ चा जो कायदा झाला, त्यानें पगारी व बिनपगारी हा भेद ठेविला नाहीं. आपणहि तो ठेवूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, सेवेस आलेल्या सज्जनाचा हा अपमान होय. कुंभारवाड्यांत मडकें घेतांना गृहिणी तें वाजवून पाहते. त्यावर कुंभार रागावल्याचें कोणीं ऐकिलें आहे काय? (उलट जो वाजवूं देत नाहीं, त्याच्याच मडक्याविषयीं शंका येते.)

मात्र दाखल्यावर सर्व भिस्त ठेवणें हाहि भाबडेपणाच. ज्याच्याविरुद्ध तक्रार नोंदलीच गेली नाहीं, त्याचा दाखला स्वच्छच निघणार. कॅमेरा घडलेलें दाखवितो. घडतांना मध्यें पडत नाहीं. म्हणून देखरेख हवी, आणि तिला खर्च फारसा नाहीं. बाहेरच्या माणसाचें नांव व येण्याजाण्याची वेळ वहींत लिहावी. बंद खोलींत त्यास एकट्या मुलासह राहूं देऊं नये. सहलीस शाळेचे निदान दोन शिक्षक असावेत. आणि कोण येणार तें पालकांस आधीं कळवावें. पालकांनींहि हें विचारण्याचा संकोच धरूं नये.

विद्यार्थिमित्र हो, वडील माणसांचें ऐकावें हें तुम्हांस नित्य सांगण्यांत येतें. परंतु “हें घरीं सांगूं नकोस” असें जो सांगेल, त्याचें तेवढें ऐकूं नका. त्याच दिवशीं घरीं सांगा. घरीं सांगवत नसेल तर विश्वासांतील शिक्षकांस सांगा, किंवा १०९८ ह्या क्रमांकावर दूरध्वनि करा. तो रात्रंदिवस चालू असतो व त्यास पैसे पडत नाहींत. आणि शाळेचें नांव जाईल म्हणून कोणी चालकानें असें प्रकरण दडपलें, तर त्यास एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा पोक्सो कायद्यांतच सांगितली आहे.