हिमगाडीचा पट्टा किती लांब असावा?

(व्यवहारांतील शास्त्र)

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत हल्लीं परदेशीं गेलेल्या मुलांमुलींविषयींचे प्रश्न वाढत चालले आहेत, आणि तें साहजिक आहे. मीरा-भाईंदर, बोरिवली, ठाणें या बाजूच्या बहुतेक सुशिक्षित कुटुंबांतील एखादा मुलगा, पुतण्या किंवा जांवई आज समुद्रापलीकडे असतो. मीरा रोड येथील एका वाचक भगिनींचा प्रश्न असा आहे कीं, त्यांचे भावोजी अमेरिकेंत कोलोरॅडो राज्यांत नोकरीस आहेत. त्यांना डोंगरांतील बर्फावर चालणारी गाडी विकत घ्यावयाची आहे, परंतु १४६, १५४ व १६५ इंच अशा तीन लांबींच्या पट्ट्यांपैकीं कोणता पत्करावा हें ठरत नाहीं. मामंजींचें मत, सर्वांत लांब पट्टा घ्यावा, तोच सुरक्षित. सासूबाईंचें मत, गाडीच घेऊं नये. या वादांत शास्त्राचा कौल काय, असें त्या विचारतात. प्रश्न एका घरचा असला तरी त्यांतील तत्त्व सर्वांनीं समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम ही गाडी म्हणजे काय तें पाहूं. इंग्रजींत हिला स्नोमोबिल म्हणतात. गुलमर्गला जाऊन आलेल्या मंडळींनीं ती 'स्नो-स्कूटर' या नांवानें पाहिली असेल. आपण सोयीसाठीं हिमगाडी म्हणूं. हिला चाकें नसतात. पुढें दिशा देण्यासाठीं दोन स्की असतात, आणि मागें चाकांच्या जागीं रबराचा एक रुंद, अखंड पट्टा असतो. इंजिन हा पट्टा फिरवितें. पट्ट्यावरील रबरी दाते बर्फास मागें रेटतात आणि गाडी पुढें जाते. पट्ट्याची जी लांबी सांगतात ती त्याच्या संपूर्ण वेढ्याची असते. जमिनीला टेकलेल्या भागाची नव्हे. वेढ्याचा निम्म्याहून कमी भाग एका वेळीं बर्फावर टेकतो. ही गोष्ट ध्यानांत न घेतल्यामुळें पुष्कळांचा हिशेब चुकतो.

या वाहनाच्या जन्माची कथा करुण आहे. कॅनडांतील क्युबेक प्रांतीं व्हालकूर नांवाच्या गांवीं जोसेफ-आर्मां बोंबार्डिए हा यंत्रकुशल तरुण राहत असे. बर्फावर चालेल असें वाहन तयार करण्याचा त्याचा प्रयत्न लहानपणापासून चालू होता. १९३४ सालच्या हिवाळ्यांत त्याच्या दोन वर्षांच्या मुलास आंत्रपुच्छाचा विकार झाला. रस्ते बर्फानें बुजलेले, रुग्णालय दूर, आणि बापाचें यंत्र अद्याप अपुरें. मूल दगावलें. त्यानंतर त्यानें दांतेरी चाकावर फिरणाऱ्या पट्ट्याची रचना सिद्ध केली व १९३७ मध्यें तिचें पेटंट मिळविलें. त्याच्या पहिल्या गाड्या मोठ्या होत्या. त्यांतून डॉक्टर, टपाल व शाळेचीं मुलें यांची ने-आण होऊं लागली. एक-दोघांनीं बसावयाची लहान 'स्की-डू' गाडी त्यानें १९५९ सालीं बाजारांत आणली. आज जी गाडी क्रीडेचें साधन म्हणून विकली जाते, तिच्या मुळाशीं वैद्यकीय मदत वेळेवर पोंचविण्याची तळमळ होती.

आपल्याकडील लोकांसही पट्ट्याच्या वाहनांचा परिचय नाहीं असें नाहीं. गोव्यांत वास्को येथें राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकावरील भारताच्या मोहिमांची व्यवस्था तेंच पाहतें. तेथील बर्फावर सामान ओढून नेण्यासाठीं 'पिस्टनबुली' नांवाच्या रुंद पट्ट्यांच्या अवजड गाड्या वापरतात. नागपुरांत जन्मलेल्या डॉ. अदिति पंत १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेंत त्या खंडावर गेल्या, हें आमच्या वाचक भगिनींस अभिमानानें आठवत असेल. सियाचीनच्या हिमनदीवरही आपलें सैन्य हिमगाड्या वापरतें.

आतां मुख्य मुद्दा. पट्टा लांब असला म्हणजे काय साधतें? यासाठीं कोलोरॅडोस जाण्याचें कारण नाहीं. भाईंदरच्या मिठागरांपलीकडे खाडीच्या कांठीं खाजण आहे. ओहोटीच्या वेळीं त्या चिखलांत कोणी अनवाणी उतरला तर गुडघ्यापर्यंत रुततो. परंतु तेथेंच एक लांब फळी टाकून तिच्यावर उभा राहिला तर फळी जेमतेम दबते. माणसाचें वजन तेंच, चिखलही तोच. बदललें तें क्षेत्रफळ. रुतणें हें केवळ वजनावर अवलंबून नसून वजनास क्षेत्रफळानें भागून येणाऱ्या दाबावर अवलंबून असतें. भुसभुशीत बर्फ हें पांढरें खाजणच होय.

थोडें गणित करूं. १६० पौंड वजनाचा मनुष्य दोन्ही पायांवर उभा आहे व त्याच्या तळव्यांचें एकूण क्षेत्रफळ ६४ चौरस इंच आहे असें समजा. दाब झाला दर चौरस इंचास अडीच पौंड. आतां गाडी व स्वार मिळून ७०० पौंड, पट्टा १६ इंच रुंद, आणि १५४ इंचांच्या वेढ्यापैकीं ५४ इंच बर्फावर टेकलेले असें धरा. क्षेत्रफळ ८६४ चौरस इंच. दाब सुमारें ०.८१ पौंड. म्हणजे सातशें पौंडांची गाडी पायीं चालणाऱ्या माणसाच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच दाब देते. पुढील दोन स्की कांहीं भार उचलतात तो वेगळाच. पट्टा १६५ इंचांचा घेतला तर वेढा ११ इंचांनीं वाढतो, परंतु वाढ वरच्या व खालच्या दोन्ही बाजूंस वांटली जात असल्यामुळें बर्फावर साडेपांच इंचच वाढतात. क्षेत्रफळ ९५२, दाब सुमारें ०.७४. उलट १४६ इंचांच्या पट्ट्याचे ५० इंच टेकतात. क्षेत्रफळ ८००, दाब सुमारें ०.८८. तात्पर्य, अकरा इंच अधिक घेतल्यानें दाब आठ-नऊ टक्क्यांनीं कमी होतो. हा लाभ खरा आहे, परंतु विक्रेता ज्या उत्साहानें सांगतो तितका प्रचंड नव्हे.

लाभ दाबापुरता नाहीं. पट्ट्यावर दात्यांच्या ओळी असतात. दोन ओळींत तीन इंचांचें अंतर धरलें तर ५४ इंचांत अठरा ओळी बर्फास रेटतात, ५९ इंचांत एकोणीस-वीस. जितक्या ओळी अधिक, तितका रेटा अधिक ठिकाणीं वांटला जातो आणि प्रत्येक दात्यामागील बर्फ ढांसळण्याचा संभव कमी होतो. आंखूड पट्टा खोल बर्फांत जोरानें फिरविला तर तो पुढें न जातां खालचा बर्फ उपसून स्वतःसाठींच खड्डा खणतो. चढणीवर हा दोष विशेष जाणवतो. लांब पट्टा मंद गतीनेंही वर तरून राहतो.

मग सर्वांनीं लांबांत लांब पट्टाच कां घेऊं नये? कारण लांबीचें मोल अन्यत्र द्यावें लागतें. भाईंदर पश्चिमेच्या अरुंद रस्त्यांत लांब बस वळवितांना चालकाची जी तारांबळ उडते, तीच लांब पट्ट्याच्या स्वाराची झाडींत उडते. गाडी सरळ जाऊं पाहते, वळावयास नाराज असते. वजन वाढतें, गाडी रुतलीच तर ती उचलून काढणें अधिक कष्टाचें होतें. अधिक रबर फिरविण्यांत इंजिनाची शक्ति खर्ची पडते. शिवाय पट्ट्याच्या आंतील घसरपट्ट्या आणि इंजिनाचें पाणी यांस उडणाऱ्या बर्फानेंच थंडावा मिळतो. खोल बर्फासाठीं केलेली उंच दात्यांची गाडी टणक वाटेवर फार वेळ चालविली तर ती तापते आणि दाते झिजतात. म्हणूनच ठोकून तयार केलेल्या वाटांवरील गाड्यांचे पट्टे १२० ते १३७ इंच व दाते इंच-दीड इंच असतात. डोंगरी गाड्यांचे पट्टे १४६ पासून १७५ इंचांपर्यंत, आणि दाते सव्वादोन ते तीन इंच.

बर्फाचा प्रकारही पाहिला पाहिजे. अमरकोशांत तुषार, तुहिन, प्रालेय अशीं हिमाचीं अनेक नांवें असून हिमाच्या मोठ्या साठ्यास 'हिमानी' असा स्वतंत्र शब्द आहे. हिमगाडीच्या स्वारास मात्र नांवांपेक्षां गुण ओळखावे लागतात. पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या डोंगरांवरील बर्फ दमट व जड असतो. त्यावर मध्यम पट्टाही तरतो. कोलोरॅडो, यूटा यांकडील बर्फ कोरडा, पिठासारखा हलका. त्यांत गाडी खोल जाते, म्हणून तेथें लांबीकडे कल असतो. परंतु तेथें दुसरीही अडचण आहे. उंचीवर हवा विरळ असते, आणि साध्या इंजिनाची शक्ति दर हजार फुटांस सुमारें तीन टक्के घटते. दहा हजार फुटांवर तिसरा हिस्सा शक्ति गेली असें समजावें. हवा दाबून देणारा टर्बो असेल तर ही तूट पुष्कळ भरून निघते. नसेल तर लहान इंजिनावर फार लांब पट्टा म्हणजे एका बैलाच्या गाडीवर दोन बैलांचें ओझें.

या सर्वांचा मेळ घालून निर्णय असा देतां येईल. स्वार हलका, इंजिन लहान, फिरणें बहुधा मळलेल्या वाटांच्या आसपास, तर १४६ इंच पुरे. स्वार मध्यम बांध्याचा, डोंगरांत नवशिका, आणि एकाच गाडीकडून सर्व कामें घ्यावयाचीं, तर १५४ इंच. स्वार भारी शरीराचा किंवा पाठीवर पुष्कळ सामान नेणारा, इंजिन मोठें, आणि नित्य खोल कोरड्या बर्फांत जाणारा, तर १६५ इंच. त्याहून लांब पट्टे कसलेल्या लोकांचे. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते. अशी नवी गाडी पंधरा हजार डॉलरांच्या घरांत व त्यापुढेंही जाते. म्हणून एक-दोन हिवाळे निरनिराळ्या लांबींच्या गाड्या भाड्यानें घेऊन पाहाव्या आणि मग पैसे टाकावे. वरील भावोजी नवशिके असल्यास, माझें मत १५४ ला.

परंतु मामंजींच्या "लांब तो सुरक्षित" या विधानाचा विचार केल्यावांचून हा लेख पुरा होत नाहीं. लांब पट्टा रुतण्यापासून बचाव करितो, हें खरें. त्याबरोबरच तो स्वारास अधिक उभ्या चढणीवर नेऊं शकतो, आणि खरा धोका तेथेंच दबा धरून असतो. हिमाचे कडे बहुधा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावरून सुटतात. लांब पट्ट्याची दणकट गाडी नेमकी अशाच उतारांवर चढते. कडा सुटला म्हणजे १४६ काय आणि १६५ काय, दोन्ही सारखेच. गाडलेला मनुष्य पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर जगण्याची आशा चांगली असते. पुढें ती झपाट्यानें ओसरते. इतक्या अवधींत बाहेरची मदत पोंचत नाहीं. वांचवितो तो सोबती. म्हणजे सासूबाईंची भीति अनाठायीं नाहीं. मात्र तिच्यावर बंदी हा एकच उपाय आहे असें नाहीं.

म्हणून वडीलधाऱ्यांनीं पट्ट्याच्या लांबीवर वाद घालण्यापेक्षां मुलास पुढील गोष्टी स्पष्ट विचाराव्या. अंगावर बांधावयाचें संदेशयंत्र, बर्फांत खुपसून शोध घेण्याची लांब काठी आणि फावडें, हीं तीन साधनें घेतलीं काय, आणि तीं गाडीवर न ठेवतां अंगावर असतात काय? तीं वापरण्याचें रीतसर शिक्षण घेतलें काय? निघण्यापूर्वीं कोलोरॅडोच्या हिमप्रपात माहिती केंद्राचें त्या दिवसाचें सूचनापत्र वाचतोस काय? कॅनडांत असाल तर अ‍ॅव्हलांश कॅनडाचें? सोबत कोण आहे, आणि त्यासही हें सर्व येतें काय? उतारावर एका वेळीं एकच गाडी चढते, आणि बाकीचे खालीं कडा येण्याच्या वाटेवर न थांबतां बाजूस थांबतात, असा नेम पाळतां काय?

या प्रश्नांचीं उत्तरें नीट मिळालीं तर दहा इंच कमी-अधिक झाल्यानें बिघडत नाहीं. उत्तरें मिळालीं नाहींत, तर पैसे प्रथम या साधनांवर व शिक्षणावर खर्च करण्यास सांगावें आणि गाडीची खरेदी पुढच्या हिवाळ्यावर ढकलावी. मुलगा पंचविशीचा असो वा चाळिशीचा, घरच्या वडिलांनीं कारणें समजून घेऊन विचारलेला प्रश्न तो सहसा झिडकारीत नाहीं.