उभं राहण्याचे कष्ट

शेजारच्या काकूंचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी बघायला गेलो, तर त्या पलंगावर आडव्या. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण घरचे उठू देत नव्हते. ‘पडून राहा, ताकद भरून येईल.’ मला एकदम बेन लकोंत आठवला.

हा लांब पल्ल्याचा जलतरणपटू. 2018 च्या जूनमध्ये तो जपानच्या किनाऱ्यावरून पॅसिफिकमध्ये उतरला, पार अमेरिकेपर्यंत पोहत जायचं म्हणून. वाटेत वादळात सोबतच्या नावेचं शीड फाटलं आणि मोहीम थांबली. तरी 159 दिवसांत 2,821 किलोमीटर झाले होते, रोज सरासरी सहाएक तास पाण्यात. अशा माणसाचं हृदय पैलवानासारखं भरायला हवं ना? उलटंच झालं. डॅलसच्या बेंजामिन लेव्हीन आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये मोजमापं छापली. अंगभर रक्त ढकलणारा हृदयाचा डावा कप्पा आठवड्याला 0.72 ग्रॅमने रोडावत गेला होता. अवकाश स्थानकात 340 दिवस काढलेल्या स्कॉट केलीचा आकडा 0.74. आणि केली तिथे आठवड्यातले सहा दिवस व्यायाम करत होता!

पोहणं म्हणजे शेवटी आडवंच असणं. आपण उभे राहतो तेव्हा रक्त पायांकडे उतरतं आणि ते वर चढवत राहण्याची हमाली हृदयाच्या गळ्यात पडते. लकोंत दिवसा पाण्यावर आडवा, रात्री नावेत आडवा. हमालीच नाही. गरज सरो वैद्य मरो, तसं हृदयाने जादा स्नायू मोडीत काढला. ते दुबळं झालं नव्हतं बरं का. पंप ठीक चालत होता. चिक्कू मालकासारखी त्याने फक्त माणसं कमी केली.

विश्रांतीशी माझं वैर नाही. पण ती किती घ्यायची हे डॉक्टरांनी ठरवावं, भेटायला आलेल्या आत्याबाईंनी नव्हे.

डॅलसमध्येच 1966 साली विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं होतं. प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता पावपटीहून जास्त घसरली. तीस वर्षांनी तेच पाचजण पुन्हा तपासले. आता पन्नाशी आलेली, वजनं वाढलेली. तरी तीस वर्षांच्या वयाने केलेली घट त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणापेक्षा कमीच भरली.