नदीचे मूळ, ऋषीचे कूळ आणि हॉट डॉग

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पाश्चात्त्यांच्या अशाच एका म्हणीत ही जागा कायदा आणि सॉसेज यांना मिळाली आहे. या दोन गोष्टी कशा तयार होतात हे जितके कळत जाईल, तितका त्यांच्याविषयीचा आदर कमी होत जातो, असा तिचा आशय. हे वचन सर्रास बिस्मार्कच्या नावावर खपवले जाते. वास्तविक ते १८६९ साली जॉन गॉडफ्रे सॅक्स या अमेरिकन कवीच्या नावाने छापले गेल्याचे आढळते. आंधळे आणि हत्ती ही आपल्याकडची गोष्ट इंग्रजी पद्यात लोकप्रिय करणारा तो हाच. दोन्ही म्हणी 'मुळाशी जाऊ नका' असेच सांगतात. पण आपली म्हण आदरापोटी सांगते, तर ती किळसेपोटी. प्रस्तुत लेखाचा विषय ही दुसरी भावना आहे.

काही वर्षांपूर्वी चार जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, मी न्यू जर्सीत बहिणीकडे होतो. मागच्या अंगणात शेगडी पेटली होती आणि टर्की व कोंबडीच्या मांसाचे हॉट डॉग भाजले जात होते. अध्यापकाच्या सवयीने मी रिकामे पाकीट उचलून वाचू लागलो. पहिलाच घटक होता 'यंत्राने विलग केलेले टर्कीचे मांस'. चांगले मांस काढून घेतल्यावर हाडांना जे चिकटून राहते, ते हाडांसकट मोठ्या दाबाखाली चाळणीतून दाबून काढतात. त्याचा जो लगदा होतो तो हा. शेवटाकडे सोडियम नायट्राइट होते. त्याने रंग गुलाबी राहतो आणि घातक जंतूंची वाढ रोखली जाते. दहा वर्षांचा भाचा म्हणाला, "मामा, ते वाचायचं नसतं, खायचं असतं." मी खाल्ले. भाजलेल्या सालीचा किंचित कडवट खमंगपणा, आत खारट मऊपणा, वर मस्टर्डचा झणका. चव उत्तम होती, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. मी दुसराही खाल्ला.

हे कसे घडते? ज्याच्या पोटात काय आहे याची शंका आहे, ते आपण आनंदाने आपल्या पोटात कसे घालतो? आपण फसवले जातो म्हणून, असे सोपे उत्तर देता येईल. परंतु हॉट डॉगचा इतिहास या उत्तराला दुजोरा देत नाही.

या पदार्थाचे नावच पाहा. जर्मन स्थलांतरितांनी अमेरिकेत सॉसेज आणले आणि त्यात कुत्र्याचे मांस असते ही कुजबुजही तेव्हापासूनची. सेप्टिमस विनर याच्या १८६४ सालच्या विनोदी गाण्यात हरवलेल्या कुत्र्याला शोधणाऱ्या जर्मन माणसाला शेवटी सॉसेजविषयीच शंका येते. 'हॉट डॉग' हा शब्द १८९० च्या दशकात रूढ झाला आणि येल विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या विनोदी मासिकात तो १८९५ साली सापडतो. 'डाख्शुंड' या कुत्र्याच्या जातीचे स्पेलिंग न आल्याने एका व्यंगचित्रकाराने 'हॉट डॉग' लिहून वेळ मारून नेली, ही कथा प्रसिद्ध आहे. पण ते व्यंगचित्र आजवर कुणाला सापडलेले नाही. थोडक्यात, हे नाव म्हणजे गिऱ्हाइकांनीच केलेला आरोप होय. आरोपालाच नाव म्हणून स्वीकारून एखादा पदार्थ शतकाहून अधिक काळ खपावा, याचा अर्थ शंका ही त्याच्या आस्वादाच्या आड येत नाही. ती त्या आस्वादाचाच भाग आहे.

विक्रेत्यांनाही हे ठाऊक होते. त्या दिवशी बहिणीच्या घरी दूरचित्रवाणीवर कोनी आयलंड येथील हॉट डॉग खाण्याची स्पर्धा चालू होती. याच स्पर्धेत २०२१ साली जोई चेस्टनट याने दहा मिनिटांत ७६ हॉट डॉग खाल्ले. ती ज्या दुकानासमोर भरते, ते नेथन हँडवर्कर या पोलंडहून आलेल्या ज्यू स्थलांतरिताने १९१६ साली सुरू केले. इतरत्र दहा सेंटला मिळणारा हॉट डॉग तो पाच सेंटला देई. एवढ्या स्वस्तात कसले मांस मिळणार, असे लोकांना वाटे. तेव्हा त्याने काही जणांना डॉक्टरांसारखे पांढरे कोट घालून दुकानासमोर खायला उभे केले, अशी आख्यायिका आहे. डॉक्टर खातात म्हणजे ठीकच असणार! लक्षात घ्या, सॉसेजमध्ये काय आहे हे त्याने सांगितले नाही आणि कुणी फारसे विचारलेही नाही. लोकांना पुरावा नको होता. खाण्याची परवानगी हवी होती.

यानंतर आपल्या विषयाशी अधिक जवळचे उदाहरण घेऊ. अप्टन सिंक्लेअर १९०४ साली शिकागोच्या कत्तलखान्यांच्या परिसरात सात आठवडे राहिला आणि त्या अनुभवावरून त्याने 'द जंगल' ही कादंबरी लिहिली. पुस्तकरूपाने ती १९०६ साली आली. युर्गिस रुडकुस हा लिथुएनियाहून आलेला धट्टाकट्टा तरुण, त्याची बायको ओना आणि त्यांचे कुटुंब कारखान्यांच्या चक्रात कसे भरडले जाते, याची ही कहाणी आहे. सडलेले मांस, उंदीर आणि उंदरांसाठी ठेवलेले विषारी पाव हे सारे एकत्र सॉसेजच्या यंत्रात जाते, अशी वर्णने त्यात आहेत. परंतु एवढ्या मोठ्या कादंबरीत ती मोजक्या पानांची आहेत. देशभर खळबळ उडाली ती मात्र या पानांमुळे. ३० जून १९०६ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी मांसतपासणीचा आणि अन्न व औषधांच्या शुद्धतेचा असे दोन कायदे मंजूर केले. आपण लोकांच्या हृदयावर नेम धरला होता, तो चुकून पोटाला लागला, अशा अर्थाची खंत सिंक्लेअरने पुढे व्यक्त केली.

आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर लेखकाला करुण अभिप्रेत होता आणि वाचकाने बीभत्स घेतला. करुणाचा स्थायीभाव शोक, बीभत्साचा जुगुप्सा. या दोन भावांत एक महत्त्वाचा भेद मला दिसतो. शोकाला दुसरा माणूस लागतो. जुगुप्सेला मात्र मी एकटा पुरेसा असतो: माझे नाक, माझी जीभ, माझे पोट. 'यात काय घातले असेल?' हा प्रश्न कितीही चिकित्सक वाटला, तरी तो मूलतः स्वतःपुरता आहे. युर्गिसचे काय झाले, हा प्रश्न तो विचारत नाही.

स्वतःपुरत्या त्या प्रश्नाचे उत्तर आज उघडपणे उपलब्ध आहे. अमेरिकन कृषी खात्याच्या नियमांनुसार हॉट डॉगमध्ये चरबी तीस टक्क्यांहून अधिक चालत नाही. चरबी आणि वरून घातलेले पाणी मिळून चाळीस टक्क्यांपर्यंत चालते. यंत्राने विलग केलेले डुकराचे मांस वीस टक्क्यांपर्यंत चालते, तर गाईबैलांचे असे मांस २००४ पासून माणसांच्या खाण्यात निषिद्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्ककारक ठरवले; रोज पन्नास ग्रॅम, म्हणजे साधारण एक हॉट डॉग, खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा निष्कर्ष आहे. हे सारे जाहीर आहे. तरीही शेगड्या पेटतात, शंका टिकून राहते आणि चवही. अज्ञान हे आपल्या आस्वादाचे कारण नव्हतेच.

आपल्याला खरोखर न दिसणारी गोष्ट निराळी आहे. २०२० च्या वसंतात साऊथ डकोटा राज्यातील स्यू फॉल्स येथे डुकराच्या मांसाच्या एका मोठ्या कारखान्यात करोनाची साथ पसरली. खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्या या कामगारांत स्थलांतरित आणि निर्वासित बरेच होते. बाराशेहून अधिक कामगार बाधित झाले, चार जण दगावले. २८ एप्रिल २०२० रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी मांसप्रक्रियेचे कारखाने चालू राहावेत म्हणून खास आदेश काढला. शिकागोच्या युर्गिसनंतर एकशे चौदा वर्षांनी यंत्राशी उभा असलेला माणूस परदेशातून आलेलाच होता आणि देशाला चिंता होती ती पुन्हा ताटाचीच.

मग खाणे सोडावे का? प्रकृतीसाठी किंवा प्राण्यांच्या दयेपोटी कुणी सोडले, तर मला त्याचा आदरच आहे. परंतु केवळ किळस आली म्हणून सोडणारा मनुष्य आपले पोट तेवढे स्वच्छ करतो. कारखान्यातील माणूस होता तिथेच राहतो. उलट, चव लागली नाही असे खोटे सांगण्यातही अर्थ नाही. आस्वाद नाकारून कुणी अधिक चांगला वाचक होत नाही, तसा अधिक चांगला माणूसही होत नाही. माझे म्हणणे एवढेच की, शंका घ्यायचीच तर ती पुरती घ्यावी. वर्गात 'द जंगल'सारख्या कादंबरीविषयी बोलताना विद्यार्थी उंदरांच्या उल्लेखाला हमखास तोंडे वाकडी करतात. तिथेच थांबून 'आणि ओनाचे काय?' असे विचारणे, हे मला अध्यापकाचे काम वाटते.

भाच्याचे म्हणणे मी अर्धेच मानले. पाकीट मी अजूनही वाचतो. घटक तिथे वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात: सर्वांत जास्त ते आधी, चिमूटभर ते शेवटी. काहीही लपवलेले नसते. फक्त ते ज्या हातांतून आले, त्या हातांचा उल्लेख त्या यादीत कुठेच नसतो.