काडी फिरविणाऱ्याचे काम

वाद्यवृंदाचा संचालक नेमके करतो तरी काय, असा प्रश्न आपल्याकडे पुष्कळांना पडतो. ऐंशी-नव्वद वादक जीव ओतून वाजवितात आणि हा गृहस्थ श्रोत्यांकडे पाठ करून हातातली काडी फिरवितो. टाळ्या मात्र प्रथम त्याला! (कंडक्टर म्हटले की आपल्यापुढे बसमधला उभा राहतो, तो निराळा.)

हा आक्षेप आम्हांस वरवरचा वाटतो. प्रत्येक वादकापुढे केवळ त्याच्याच वाद्याची स्वरलिपी असते. सर्व वाद्यांची एकत्रित लिपी असते ती संचालकापुढे. शिवाय ध्वनीला ३४० मीटर जावयास सुमारे एक सेकंद लागतो. रंगमंचाच्या दोन टोकांचे वादक केवळ एकमेकांना ऐकून वाजवू लागले, तर ताल ढळतो. म्हणून सर्वांना दिसेल असा हात लागतो. पण हे झाले पहारेकऱ्याचे काम. खरे काम तालमीत होते. बासरी दबते आहे, पितळी वाद्यांनी आवाज आवरावा, हे तेथेच ठरते आणि ते ठरवितो तो कान.

१८२४ साली व्हिएन्ना येथे बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीचा पहिला प्रयोग झाला. तो स्वतः वादकांसमोर उभा राहून हातवारे करीत होता. पण त्याला ऐकू येत नव्हते. वादकांना आधीच बजावले होते, की लक्ष उमलाउफ या संचालकाकडे ठेवावे. रचना ज्याची, त्याच्याही हाती सूत्रे देता आली नाहीत!

आपल्या मैफलीत गवई आणि तबल्याचा ठेका असला की पुरते. तेथे संचालक नाही, हे काही उणेपण नव्हे. तरीही सुरतेशी शतकांचे नाते असलेल्या पारशी समाजातून झुबिन मेहता निघाले. वडील मेहली मेहता यांनी १९३५ साली मुंबईत सिंफनी वाद्यवृंद उभारला होता. झुबिन १९५४ साली व्हिएन्नास गेले, तेथे संचालनाबरोबर डबल बासही शिकले आणि १९६२ ते १९७८ लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाचे प्रमुख होते.

न्यूयॉर्कचा ऑर्फियस वाद्यवृंद १९७२ पासून संचालकावाचून वाजवितो, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण तो लहान आहे, आणि तेथे तालमीची धुरा वादकच आळीपाळीने वाहतात. काम टळत नाही, वाटले जाते.

म्हणून आमची एक सूचना आहे. शाळेच्या लेझीम-पथकाचा वा वाद्यवृंदाचा नायक निवडताना सर्वांत मोठ्याने ढोल बडविणाऱ्याकडे पाहू नये. मागच्या रांगेतील झांज अर्ध्या मात्रेने मागे पडली, हे ज्याला प्रथम कळते, त्या मुलाला किंवा मुलीला पुढे उभे करावे.