खर्जाची तार



स्नेहसंमेलन जवळ आले की आपल्या शाळेत दरवर्षी एक चर्चा होते : गाण्यांना साथ कोणाची घ्यायची? अलीकडे तिचे उत्तर ठरून गेल्यासारखे झाले आहे. बाजारात तयार ट्रॅक मिळतो, तो पेन ड्राइव्हमध्ये भरून साउंडवाल्याकडे द्यायचा आणि मुलाने त्यावर गायचे. तालमीचा वेळ वाचतो, वाद्यांचा खर्च वाचतो, कोणाचे रुसवेफुगवे नाहीत. सोय आहे हे मान्य. पण या सोयीत शाळेचे नुकसान होते आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते मला एका अशा वाद्याच्या निमित्ताने मांडायचे आहे, जे आजवर एकाही मुलाने हौसेने मागितलेले मी पाहिले नाही. ते वाद्य म्हणजे बेस गिटार.

मी दिवसा यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहितो आणि लग्नसराईत, गणेशोत्सवात एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. कधी मित्रांसाठी फुकट, कधी सुपारी घेऊन. त्यामुळे हौशी आणि धंदेवाईक या दोन्हींच्या मधल्या पायरीवर उभा असलेला माणूस म्हणून हे लिहीत आहे.

आधी वाद्याची थोडी ओळख. बेसला सहसा चार तारा असतात : इ, ए, डी आणि जी. साध्या गिटारच्या चार जाड तारांचेच हे सूर, पण एक सप्तक खाली. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. पूर्वी हे काम माणसाएवढ्या उंचीचे डबल बेस करीत असे. ते उभे धरावे लागे, गाडीत मावत नसे आणि ढोलांच्या आवाजात ऐकू येत नसे. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी भरीव लाकडाचा, गळ्यात अडकवता येणारा विजेवरचा बेस बाजारात आणला. त्याच्या दांड्यावर पडदे होते, त्यामुळे सूर नेमका लागे, म्हणून त्याचे नावच ‘प्रिसिजन’ ठेवले. दहावीच्या विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे की तारेखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. पोलादी तार हलली की त्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. विज्ञानाच्या पुस्तकातले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच.

आजच्या मुलांनी बेस नीट ऐकलेलाच नसतो, याचे कारणही विज्ञानातच आहे. मोबाईलचा चिमुकला स्पीकर इतका खालचा सूर काढूच शकत नाही. दुसऱ्या टोकाला मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंती. त्यातून येतो तो छातीवर बसणारा दणका, त्यात सूर शोधूनही सापडत नाही. या दोहोंच्या मध्ये खालच्या पट्टीत चालणारी एक शहाणी चाल असते, आणि ती गाण्याला धरून ठेवते, हे मुलांना समजणार कुठे? समोर बसून ऐकल्याशिवाय ते समजत नाही.

कोणी म्हणेल, हे पाश्चात्त्य वाद्य, आपल्या मराठी शाळेला याचे काय? पण खर्जाचे महत्त्व आपल्याला कोणी शिकवायला नको. मिरजेत बनणारा तंबोरा घ्या. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. त्या तंबोऱ्याची चौथी तार खर्जाची. ती उतरली तर वरच्या तिन्ही तारा सुरात असूनही गवय्याचे चित्त लागत नाही. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी असतात. कीर्तनात ध्रुपद धरणारे टाळकरी असतात, आणि तुकोबांबरोबर त्यांच्या चौदा टाळकऱ्यांचीही आठवण आपली परंपरा ठेवते. बुऱ्हाणपूरकरांना तर आणखी जवळचा दाखला आहे. १६१५ साली अब्दुल रहीम खानखानांच्या काळात बांधलेला आपला कुंडी भंडारा. शंभराहून अधिक कुंड्या जमिनीखालून जोडलेल्या आहेत आणि सातपुड्याकडचे पाणी उताराने शहराकडे वाहत येते. लोक शाही किल्ला पाहायला येतात, पण त्या काळच्या शहराची तहान भागवली ती न दिसणाऱ्या पाण्याने. २०२४ साली त्याचे नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले. बेसवाल्याचे कामही असेच आहे.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते सांगतो, कारण शाळेसाठी महत्त्वाचे आहे ते इथेच. लग्नाचा कार्यक्रम आहे. गायकाचा घसा बसला आहे. तो ऐन वेळी मागे वळून म्हणतो, “एक सूर खाली घ्या.” बेसच्या चारही तारा एकमेकींपासून सारख्या अंतराने लावलेल्या असतात, त्यामुळे बोटांची ठेवण तीच राखून हात दोन पडदे सरकवला की पट्टी उतरते. मात्र मोकळ्या तारेवर विसंबून वाजवणारा तिथे अडकतो. तेव्हा की-बोर्डवाल्याच्या आधी बेसवाल्याला उत्तर द्यावे लागते, कारण नव्या पट्टीचा ‘सा’ बाकीच्यांना तोच दाखवतो. पुढे गायक दुसरे कडवे विसरतो आणि थेट तिसऱ्यावर जातो. अशा वेळी बेसवाला आणि ढोलकीवाला यांची नजरानजर होते, दोघे एका मात्रेत सावरतात आणि समोरच्या पाचशे माणसांना काही कळतही नाही. गाणाऱ्याची चूक झाकली जाते, आणि ती झाकल्याचे श्रेय कोणी मागत नाही.

आता ट्रॅककडे पाहा. ट्रॅकची पट्टीही यंत्रावर बदलता येते, हे मला ठाऊक आहे. पण पाचवीतली मुलगी घाबरून एक ओळ उशिरा उठली, तर ट्रॅक तिच्यासाठी थांबत नाही. तो पुढे निघून जातो, ती रंगमंचावर एकटी उरते. मागे चार मित्र वाद्ये घेऊन बसले असते, तर त्यांनी तेच चार ठोके पुन्हा वाजवले असते. दुसऱ्याची वाट पाहणे, त्याला सांभाळून घेणे हे आपण मूल्यशिक्षणाच्या तासाला फळ्यावर लिहितो. ते प्रत्यक्ष करण्याची संधी मात्र आपण पेन ड्राइव्हच्या हवाली करून टाकली आहे.

एका बेसवादकाची हकीकत सांगतो. जेम्स जेमर्सन हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय मुलगा १९५४ साली आईबरोबर डेट्रॉइटला आला आणि तिथल्या हायस्कूलमध्ये त्याच्या हाती प्रथम डबल बेस आला. पुढे मोटाउन या कंपनीच्या असंख्य लोकप्रिय गाण्यांत त्याने बेस वाजवला, तोही उजव्या हाताच्या एकाच बोटाने. गाणी जगभर वाजली, पण तबकड्यांच्या वेष्टनावर वादकांची नावे छापत नसत. १९७१ साली मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’च्या वेष्टनावर त्याचे नाव गौरवाने आले. १९८३ साली तो वारला, आणि मोठा सन्मान मिळाला तो २००० साली, मरणोत्तर. आपल्याकडेही फार वेगळे नाही. राहुलदेव बर्मन यांची गाणी सगळ्यांना पाठ आहेत, पण त्यांच्या वाद्यवृंदात बेस वाजवणारे टोनी वाझ किती जणांना ठाऊक आहेत? जेमर्सनच्या हकीकतीत मला दोन गोष्टी दिसतात : शाळेत वाद्य होते म्हणून वादक झाला, आणि नाव छापायला लोकांनी फार उशीर केला. या दोन्ही गोष्टी आपल्या शाळेच्या हातात आहेत.

शाळेतल्या वाद्यशिक्षणातून काय उभे राहते याचा पुरावा हवा असेल तर गोव्याकडे पाहावे. पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि वाद्य धरायला शिकवीत. त्या मुलांपैकी कित्येक पुढे मुंबईला गेले, रात्री हॉटेलातल्या बँडमध्ये आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवू लागले. आपले पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट या गोव्याच्या ट्रम्पेटवादकाला आणि त्याच्या साथीदारांना पडद्यावरही आणले. ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे ज्यांचे नाव घरोघरी पोचले ते अँथनी गोन्साल्विस मूळचे गोव्यातल्या माजोर्ड्याचे, प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. अशी माणसे घडवणाऱ्या त्या शाळा साध्या गावातल्या होत्या.

आता पालकांच्या शंका. त्या खऱ्या आहेत, आणि मी स्वतः पालक असल्यामुळे त्यांना हसण्यावारी नेणार नाही.

पहिली शंका अभ्यासाची. बेस वाजवून पोट भरेल का? बुऱ्हाणपुरात नाही भरणार, हे मी अनुभवाने सांगतो. लग्नसराई संपली की बिदागीही संपते, आणि मिळते त्यातले बरेच तारा, केबल आणि गाडीभाड्यात जाते. म्हणून शिक्षण आणि नोकरी-धंदा सोडून कोणी या मागे लागू नये. पण दोन्ही जमत नाही हेही खरे नाही. इंग्लंडमध्ये गॉर्डन समनर नावाचे एक शिक्षक १९७४ ते १९७६ या काळात क्रॅमलिंग्टनच्या प्राथमिक शाळेत शिकवीत आणि संध्याकाळी न्यूकॅसलच्या स्थानिक बँडांत बेस वाजवीत. तेच पुढे ‘स्टिंग’ या नावाने प्रसिद्ध झाले. प्रत्येक जण स्टिंग होत नाही. पण शिक्षकी आणि बेस एका माणसात नांदू शकतात, एवढे तरी यातून दिसते.

दुसरी शंका रात्रीच्या जागरणाची आणि संगतीची. इथे मी पालकांच्या बाजूने आहे. काही मांडवांत मागच्या बाजूला काय चालते ते मी पाहिले आहे. म्हणून अठरा वर्षांखालच्या मुलाने लग्नाच्या सुपाऱ्या घेऊ नयेत. शाळा, गणेशमंडळ, वाचनालय, नातेवाइकांचे घर एवढ्यापुरतेच त्याने वाजवावे, आणि घरचे एक मोठे माणूस सोबत असावे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातल्या मोजक्या दिवशीच सरकार बारापर्यंत सूट देते. हा नियम पाळणाऱ्या मंडळातच मुलाला पाठवावे. ओल्या मांडवात, अर्थिंग नसलेल्या प्लगला वाद्य जोडू नये, हेही त्याला पहिल्याच दिवशी शिकवावे.

तिसरी शंका मुलींबद्दल, ती कोणी उघड बोलत नाही एवढेच. मुलीने गावे, फार तर पेटी वाजवावी, असे अजून मानले जाते. मुंबईची मोहिनी डे ही १९९६ साली जन्मलेली मुलगी वडिलांकडून बेस शिकली. ते स्वतः बेसवादक. ए. आर. रहमान यांच्यापासून परदेशातल्या नामांकित गिटारवादकांपर्यंत अनेकांबरोबर तिने वाजवले आहे. चार जाड तारा दाबायला बोटांत बळ लागते, ते सरावाने कोणालाही येते.

शेवटी विश्वस्त मंडळाला तीन विनंत्या.

एक : संमेलनातली निदान चार गाणी विद्यार्थ्यांच्याच साथीने व्हावीत. बाकीची हवी तर ट्रॅकवर होऊ द्या. चार गाण्यांसाठी दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवड्यातून दोन तास तालीम पुरते.

दोन : शाळेने एक साधा बेस आणि एक लहान ॲम्प्लिफायर घ्यावा. गायचे तर वाद्य लागत नाही, पेटी आणि तबला अनेक घरांत असतो, पण बेस कोणी घरी घेत नाही. एका बऱ्यापैकी मोबाईलच्या किमतीत दोन्ही वस्तू येतात आणि नीट जपल्या तर दहा तुकड्या त्यावर शिकतील. सुरुवातीला शिकवायला मी दर रविवारी सकाळी विनामोबदला येईन.

तीन, आणि याला तर एक पैसाही लागत नाही : कार्यक्रमपत्रिकेत गाणाऱ्याच्या नावाखाली साथ करणाऱ्यांची नावेही छापा. तबला, पेटी, ढोलकी, बेस, आणि पडदा ओढणाऱ्या मुलाचेही. बक्षीस समारंभात साथीसाठी एक बक्षीस ठेवा. आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या शंभर मुलांपैकी माईकसमोर उभी राहणारी थोडीच असतील. बाकीची कुठल्या तरी कचेरीत, दुकानात, दवाखान्यात, घरात दुसऱ्याचे काम उभे राहावे म्हणून झटतील. त्यांचे नाव निदान शाळेने तरी एकदा छापलेले असावे.

यंदाच्या संमेलनाची पत्रिका अजून छपाईला गेलेली नाही. मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही नम्र विनंती.