घोडा आहे, ओटा कुठे आहे?

मागच्या सुट्टीत बोर्डीच्या किनाऱ्यावर पाहिलेली गोष्ट. तलासरीकडच्या एका पाड्यावरून एक कुटुंब आलं होतं. नऊ-दहा वर्षांचा मुलगा बापाच्या कडेवर. सेरेब्रल पाल्सी. पाय ताठ, मान सावरते, पण कमरेत जोर नाही. पोराने घोडा पाहिला आणि हट्टच धरला.

पहिल्या घोडेवाल्याने सरळ हात जोडले. "नको दादा, पडला तर लोक मला मारतील." दुसरा मनाने मोठा. "बसवा हो, काय होत नाय," म्हणत त्याने पोराला उचलून खोगिरावर ठेवलंच. बापाने गमछा सोडला आणि पोराला खोगिराशी बांधायला घेतलं. घोडा दोन पावलं चालला, पोराचे पाय आवळले, तो किंचाळला. आईने धावत येऊन उतरवलं. खेळ खल्लास. पोरगा रडत राहिला, तो भीतीने नाही, उतरवलं म्हणून.

मी दोघा घोडेवाल्यांना दोष देत नाही. एकाला पोटाची काळजी, दुसऱ्याला पोराची दया. पण "नाही" आणि "काय होत नाय" यांच्या मधे एक तिसरा रस्ता आहे, तो आपल्याकडे कुणी दाखवलेलाच नाही.

हा रस्ता जगाला ठाऊक आहे. डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंना १९४४ साली पोलिओ झाला. गुडघ्याखाली पाय गेले ते गेलेच. घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागायचा. त्याच बाईंनी १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या बरोबरीने उतरून घोडेस्वारीत रौप्यपदक घेतलं आणि १९५६ला पुन्हा घेतलं. १९९६पासून पॅरालिंपिकमध्ये दिव्यांगांची घोडेस्वारी आहे. त्यातला पहिला गट तर फक्त चालीचा. घोडा पळवायचाच नाही. म्हणजे घोडा संथ चालवणं ही कमीपणाची गोष्ट नाही, ती सुद्धा स्वारीच.

आता मुद्द्याचं. सुरक्षित करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

पहिलं, डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय बसवायचं नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, त्यांना धक्का धोक्याचा. खुबा निखळलेला, फिट आटोक्यात नसलेली, हाडं फार ठिसूळ, बसायच्या जागी जखम, अशांना "नाही" म्हणणंच बरोबर.

दुसरं, ओटा. उचलून टाकण्यात पोराची, बापाची आणि घोड्याची, तिघांची पाठ जाते. व्हीलचेअर चढेल असा उतार आणि घोड्याच्या पाठीच्या बेताचा लाकडी ओटा केला, की अर्धा धोका तिथेच संपतो. आपल्या गावातला सुतार करील.

तिसरं, माणसं. एक जण घोड्याच्या तोंडाशी, दोघं दोन बाजूंना स्वाराच्या मांडीवर हात ठेवून. घोडेवाल्याने एकट्याने दोरी धरून मोबाईलवर बोलत चालायचं नाही.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं: बांधायचं नाही. घोडा घसरला तर बांधलेला माणूस त्याच्याखाली जातो. आधार हाताचा द्यायचा. पट्टा लावायचाच तर ओढ बसताच आपोआप सुटणारा. रिकिबीत पाय अडकून फरफटण्याचा धोका तोच, म्हणून पुढून बंद असलेली रिकीब हवी, म्हणजे पाय आरपार जात नाही.

बाकी मग बारीकसारीक. हेल्मेट. पाय ताठ असणाऱ्यासाठी रुंद पाठीचा नको, अरुंद पाठीचा घोडा. पायाला संवेदना नसेल तर खाली मऊ गादी, आणि उतरल्यावर कातडी लाल झालीय का ते पाहणं. पकड कमी असेल तर लगामाला कड्या शिवून घ्यायच्या. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, बस्स. घोडा चालतो तेव्हा स्वाराची कंबर साधारण आपण चालतो तशीच हलते. जे पोर कधी चाललंच नाही, त्याच्या कमरेला चालणं म्हणजे काय ते तिथे पहिल्यांदा कळतं. ही चैन नाही, मंडळी.

आणि हो, घोड्याचंही ऐका. दिवसभर गर्दीत तापलेला, लंगडणारा, फटाक्याला बुजणारा घोडा या कामाचा नाही. शांत घोडा, सकाळची वेळ.

"एवढं सगळं आपल्या गावात कोण करणार?" असं विचारणाऱ्यांना मी कोसबाडचा डोंगर दाखवतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यापुढे प्रश्न होता, की गुरं राखणारं आदिवासी पोर शाळेत येत नाही. त्यांनी पोराला दोष दिला नाही, शाळाच कुरणात नेली. पोराला व्यवस्थेत कोंबायचं नाही, व्यवस्था पोराच्या मापाची करायची. हे आपल्याच तालुक्याने देशाला शिकवलं. आज किनाऱ्यावर ते विसरलो.

पैशाचं म्हणाल तर ग्रामपंचायत आणि नगरपरिषदेने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. मार्च आला की वस्तू वाटायच्या, फोटो काढायचा आणि झालं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात करमणूक आणि खेळ यांची वेगळी कलमं आहेत, २९ आणि ३०. म्हणजे हा उपकार नाही, हक्क आहे.

माझी मागणी लहान आहे. किनाऱ्यावर एक ओटा, चार हेल्मेट, दोन बऱ्या रिकिबी. घोडेवाल्यांना फिजिओथेरपिस्टकडून दोन दिवसांचं शिक्षण, आणि त्या दोन दिवसांची मजुरी. स्वारीचा विमा, म्हणजे "लोक मला मारतील" ही त्याची भीती जाईल. महिन्यातून एक सकाळ या मुलांसाठी.

येत्या ग्रामसभेत ५ टक्क्यांचा हिशोब मागा आणि त्यातच हा ओटा मांडा. तोवर कुणी "बसवा हो, काय होत नाय" म्हणालं, तर गमछा खांद्यावरच राहू द्या.

कुणाच्या घरात असं मूल असेल, कुणी घोडेवाला किंवा फिजिओथेरपिस्ट हे वाचत असेल, तर खाली लिहा. एकदा एकत्र बसू.